तक्ता नको, मैत्रिणी हव्यात

महासाथीतल्या सुट्टीत मुलांना तासातासाचं वेळापत्रक आखून द्या, घर शांत राहतं, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. २०२० मध्ये आम्हीही भिंतीवर तक्ता लावला होता. चौथ्या दिवशी धाकटीने त्यावर मैत्रिणींची नावं लिहून ठेवली, एकाखाली एक. तिला उद्योग नको होता, माणसं हवी होती. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार तेव्हा जगभरात १५० कोटींहून जास्त विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या. मैत्रिणींपासून तुटलेली ती एकटी नक्कीच नव्हती.

मग रोज संध्याकाळी अर्धा तास फोन तिच्या हातात दिला, आमची मीटिंग असली तरी. ती आणि फोनवरची मैत्रीण, दोघी आपापल्या घरी चित्रं काढत बसायच्या, फारसं बोलायच्याही नाहीत. पण रात्रीची रडारड थांबली. लेखात मित्रमैत्रिणींचा साधा उल्लेखही नाही, हे फार खटकलं.