त्या मिक्सरला हात लावू नका हो!

साउंडच्या पॉवर्ड मिक्सरवर, म्हणजे ॲम्प्लिफायर पोटातच असलेल्या मिक्सरवर, एवढी बटणं आहेत, तर प्रत्येक सभासदाच्या वाट्याला एकेक, असा काही ठराव झालाय का आपल्या सोसायटीत? झाला असेल तर इतिवृत्त दाखवा मला. मी त्या सभेला नव्हतो.

काल कोजागिरी. मी दुपारीच पार्किंगमध्ये सगळं लावून ठेवलं होतं. दोन माईक कॅनन पिनने, म्हणजे माईकच्या तीन काड्यांच्या पिनने, पहिल्या दोन चॅनलला. फोनसाठी माझी स्वतःची वायर, एका टोकाला ईपी, म्हणजे हेडफोनची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-थर्टीएट, म्हणजे जाड पिना, ती स्टिरिओ चॅनलच्या लेफ्ट आणि राइटला. गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती उचलायचा तो खटका, असा लावला की कुणी अगदीच घसा ताणला तरच पीकचा लाल दिवा क्षणभर लुकलुकेल. चॅनलच्या आवाजाचे फेडर जागेवर, एकूण आवाजाचा मास्टर खाली. देखणं काम. मग दुधाचं पातेलं उचलायला माणूस कमी पडतोय म्हणून मला वरून हाक आली आणि मी गेलो.

खाली येतो तर बी विंगमधले एक गृहस्थ मिक्सरपाशी. ‘एवढ्या वायरी कशाला? मी एकीवर भागवलं.’ माझी वायर काढून गुंडाळी करून बाजूला ठेवलेली, तीही कोपरावरून पीळ देऊन! आणि त्यांच्या घरची दोन्हीकडे स्टिरिओ ईपी असलेली वायर, तिच्या टोकाला जाड पिनेचा कन्व्हर्टर लावून, खुपसली तिसऱ्या चॅनलच्या लाइन इनला.

निवेदन झालं, टाळ्या झाल्या, नऊवारी नेसलेल्या चिमुरड्या कोळीनृत्याला उभ्या राहिल्या. गाणं सुरू झालं आणि त्यात गाणारी बाईच नाही. ढोलकी नाही, बेस नाही. कडेकडेची व्हायोलिनं आणि बाईंच्या आवाजाचा नुसता इको, तोही पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा. पोरींची पहिली स्टेप शब्दावर. शब्दच नाही तर उचलणार कशावर? कमरेवर हात ठेवून सगळ्या एकमेकींकडे बघत उभ्या. नाच बसवणाऱ्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाणारी बाई मीच पळवलीय. पहिल्या रांगेतले आजोबा मात्र खूष. ‘अरे वा, कराओके!’ म्हणून माईक मागायला उठले.

गृहस्थ म्हणाले, ‘तुमचा स्पीकर गेलाय.’

अहो स्पीकर नाही गेलेला! तो चॅनल बॅलन्स्ड आहे. पिनेच्या टोकावर, म्हणजे टिपवर, येईल त्यातून मधल्या कड्यावरचं, म्हणजे रिंगवरचं, वजा करणं हे त्याचं कामच आहे, लांब वायरीतली खरखर तशीच मरते. तुम्ही टिपवर डावा दिलात, रिंगवर उजवा. गाणारी बाई दोन्हीकडे सारखीच भरलेली असते. सारख्यातून सारखं वजा केलं की काय उरतं? तुम्ही इंजिनिअर ना? प्रत्येक मीटिंगमध्ये सांगता!

आणि यावर त्यांचा उपाय काय, तर आवाज वाढवणे. शून्याचा आवाज वाढवला! गेन पार उजवीकडे, मग ट्रेबल, मग बेस, मग इको, आणि एवढ्यानं भागेना तेव्हा फॅंटमचं, म्हणजे माईकला वीज पुरवणारं, ४८ व्होल्टचं बटण. का? तर होतं म्हणून! धप्प असा आवाज झाला, दोन काकूंच्या हातातलं दूध हिंदकळलं आणि सगळ्यांनी मान वळवून कुणाकडे पाहिलं असेल? मसाला दुधाच्या पातेल्यात येता-जाता कुणी मूठभर मीठ टाकत नाही ना? मग इथंच का हात शिवशिवतात?

गणपतीत तेच. ‘ए विंगला आरती ऐकू येत नाही’ म्हणून माझ्या माघारी अडगळीतले आणखी बॉक्स आणून एकाला एक जोडले. आठ ओहमचे चार बॉक्स पॅरलल जोडले की होतात दोन ओहम, आणि मिक्सरच्या पाठीवर ठसठशीत छापलंय की चारच्या खाली जाऊ नका. जयदेव जयदेवच्या ऐन भरात ॲम्प्लिफायरने मान टाकली. शिवाय वायर कसली, तर गिटारची! बारीक, शिल्डवाली. स्पीकर आउटला ती लावायची नसते हे शंभरदा सांगून झालं. ‘पिन बसली की झालं’ हे उत्तर. पिन बसते हो! सगळीकडेच बसते, तीच तर गोची आहे.

आणि माईकवर टकटक करणारे, त्यात फुंकणारे, जाळी मुठीत आवळून बोलणारे. माईक घेऊन थेट बॉक्सपुढे जाऊन उभं राहायचं, कूंईं झालं की ‘जरा बघा हो साउंड’ म्हणत माझ्याकडे बोट! पायांनी जागेवर या, साउंड आपोआप बघितला जाईल. सत्काराच्या भाषणात फोनवरून बासरी लावायची, मग त्याच फोनवर सासूबाईंचा कॉल. रिंगटोन अख्ख्या पार्किंगला.

माझंही डोकं जरा कामातून गेलंय, नाही असं नाही. भाचीच्या लग्नात अक्षता हातात धरून मी मंगलाष्टकवाल्या गुरुजींना सांगत होतो की बॉक्स तुमच्या पाठीमागे आहे, दोन पावलं पुढे या. घरी कोथिंबिरीला पिशवी न्यायची आठवण राहत नाही, पण पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो की हात आपोआप खिशात जातो आणि आणखी एक वायर घरी येते. माळ्यावर वायरींचा क्रेट आहे. त्यावर ‘मिक्सर’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि बायकोने खाली बारीक अक्षरात ‘हा जायला हवा’.

पण तरी सांगतो, कालचं विसरणार नाही. कारण पुढचं ऐका. वायर बदलून मी गाणं पहिल्यापासून लावलं, पोरी मस्त नाचल्या. आणि दहाला दहा कमी असताना हेच गृहस्थ फोनवर डेसिबलचं ॲप उघडून माझ्यापुढे! ‘२००० चे नियम आहेत, रात्री दहा ते सहा लाउडस्पीकर बंद. निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा.’ नियम मला पाठ आहेत काका, मास्टर खालीच घेत होतो मी. मघाशी गेन पार उजवीकडे पिळताना कुठं ठेवलं होतंत हे ॲप?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज. कालच्या ‘तांत्रिक अडचणी’ लक्षात घेता नवा मिक्सर घ्यायचा विचार आहे, ब्लूटूथवाला, म्हणजे वायरीच नकोत. त्यावर अंगठ्यांची रांग. पहिला अंगठा बी विंगचा.

म्हणजे आता हे जागेवरून उठणारसुद्धा नाहीत. खुर्चीत बसून, दूध पीत, चालू कार्यक्रमात आपापले फोन जोडणार! घ्या. अवश्य घ्या. वर्गणी देतो मी, पावती फाडा. माझी वायर तेवढी परत करा. कोपरावरून न गुंडाळता.