'सीलपॅक' म्हटलं की माझा हात खिशाकडे जातच नाही

जुन्या खेळण्यांच्या ग्रुपांवर हल्ली एकाच शब्दाचा बोलबाला आहे: सीलपॅक, म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून न उघडलेलं. लिओची हॉट व्हील्स गाडी असो, फनस्कूलचा जी. आय. जो सैनिक असो की कलकत्त्याच्या मॅक्सवेलची छोटी मोटार, पुढे 'सीलपॅक' लिहिलं की भाव तिप्पट. लोकही पटापट पैसे देऊन राहिले. मला मात्र हा शब्द दिसला की आधी शंका येते.

आपल्याकडे खेळणी विकायची रीत काय होती ते आठवा जरा. आपल्या नागपुरात सीताबर्डीत काय नि इतवारीत काय, खोकं दुकानदार स्वतःच उघडायचा. सेल टाकायचा, काउंटरवर गाडी फिरवून दाखवायचा, "पाहून घ्या भाऊ, मग वापस होत नाही" असं बजावायचा आणि सगळं पुन्हा कोंबून वरून सेलोटेप मारायचा. कार्डावर चिकटवलेल्या छोट्या गाड्या तेवढ्या न उघडता घरी यायच्या. कारखान्यातून निघालेल्या खोक्याला कोणाचा हातच लागला नाही, हे वेड बाहेरच्या संग्राहकांचं. आपण ते जसंच्या तसं उचललं, आणि जो माल इथे फारसा नव्हताच तो आता तयार होऊन येतो आहे.

तयार करणं अवघडही नाही. सुक्या मेव्याच्या भेटपेट्यांना गुंडाळतात ती फिल्म आणि एक हीट गन, बस. म्हणून मी आधी फिल्म पाहत नाही, खोक्याचे कोपरे पाहतो. कोपरे झिजून आतला करडा पुठ्ठा दिसतो आहे आणि वरची फिल्म मात्र कोरी, एक ओरखडा नाही? म्हणजे खोकं आधी वापरलं गेलं, फिल्म नंतर चढली. दुकानाचं किमतीचं स्टिकर फिल्मच्या आत असेल तरी तेच. दुकानदार स्टिकर वरून लावतो, फिल्म फाडून आत नाही.

कार्डावरच्या मालाला ट्यूबलाइटखाली तिरकं धरा. कारखान्यात प्लास्टिकचा बबल (खेळण्यावरचं पारदर्शक कवच) उष्णतेने आणि दाबाने कार्डाला चिकटवतात, त्यामुळे त्याच्या कडेची पट्टी सगळीकडे सारखी सपाट बसते. उघडून परत चिकटवलेल्यात त्या पट्टीखाली कागदाचा वरचा थर सोललेला दिसतो, कुठे गोंदाची चमक बाहेर आलेली असते. फेव्हिक्विकसारखा गोंद असेल तर आसपास पांढरट धुकं धरतं, ते पुसून जात नाही. स्टेपलची पिन असेल तर तिचा गंज पाहा. जुन्या पिनेचा गंज कार्डात मुरून भोवती तपकिरी डाग पडतो. चकचकीत पिन आणि शेजारी रिकामी भोकं असतील तर विकणाऱ्याला विचारा, ही भोकं कशाची? टेपचंही तसंच: जुनी सेलोटेप पिवळी पडून वाळते, डाग सोडते. आजची टेप वर्षानुवर्षं स्वच्छ राहते.

पूर्ण कार्डच नकली असेल तर छापलेला मजकूर वाचा. आळशी नकलाकार इथेच सापडतो. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० सालचं. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. ८९० ने सुरू होणारे बारकोड देणारी संस्था आपल्याकडे १९९६ मध्ये आली. बॉम्बेचं अधिकृत मुंबई १९९५ मध्ये झालं, कलकत्त्याचं कोलकाता २००१ मध्ये. 'ऐंशीच्या दशकातला दुर्मिळ माल' म्हणून आलेल्या खोक्यावर यातलं काहीही नंतरचं दिसलं की विषय संपला.

हुशार माणूस मात्र अस्सल कार्ड स्कॅन करून छापतो, तिथे मजकूर बरोबरच असणार. त्यासाठी इतवारीच्या सराफ्यात वापरतात तसलं दहापट दाखवणारं भिंग घ्या. अस्सल ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक रचनेत बसतात आणि बारीक काळी अक्षरं एकसंध काळ्या शाईची असतात. स्कॅनवरून छापलेल्यात त्याच अक्षरांच्या कडा फाटलेल्या आणि रंगीत ठिपक्यांच्या दिसतात. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चवर काही जणांचा फार भरवसा असतो. कागद निळा चमकला की नकली, असं ते सांगतात. पण कागदात चमक आणणारी रसायनं ऐंशीच्या दशकाच्या कितीतरी आधीपासून वापरात आहेत, त्यामुळे फनस्कूलच्या (कंपनीच मुळी १९८७ ची) कार्डाला तो नियम लावण्यात अर्थ नाही. गोंदाचे ओघळ शोधायला टॉर्च बरा आहे, तेवढंच.

आणि आपलं हवामान! मे महिन्यात ४५ अंश, खोलीत कूलरची ओल, मग जुलैचा पाऊस. यातून गेलेलं कार्ड पापडासारखं वाकतं, प्लास्टिक पिवळं पडतं, लाल रंग फिका होतो. महाल भागातल्या कुठल्या माळ्यावर तीस-पस्तीस वर्षं पडून असलेलं म्हणून कोणी सरळसोट, पांढरंशुभ्र कार्ड दाखवलं तर मी माळ्याची गोष्ट ऐकून घेतो, पैसे काढत नाही.

बबल परत चिकटवण्याला माझा विरोध नाही. सुटलेला बबल नीट बसवून ठेवला तर खेळणं जपलं जातं. विकणाऱ्याने तसं लिहावं, आणि भाव सुट्या खेळण्यापेक्षा थोडा वर, सीलपॅकपेक्षा बराच खाली लावावा. मी स्वतः उघडलेलं, पिवळ्या सेलोटेपचं, दुकानाच्या स्टिकरचं खोकं आधी उचलतो. त्याचे आज फारसे पैसे येत नाहीत, म्हणून त्याची नक्कलही कोणी करत नाही.

विकणाऱ्यांना एवढीच विनंती: समोरून एक फोटो टाकून 'मिंट' (अगदी कोरं) लिहू नका. बबलच्या चारही कडांचे तिरक्या उजेडातले फोटो टाका, मागची बाजू टाका, पिना असतील तर त्या जवळून दाखवा. फोटो मागितला की "भाऊ, घ्यायचं असेल तर बोला" म्हणणारा असेल, तर मी बोलत नाही.