इसबाची ट्यूब गजकर्णाला का नको

ताई, तुमचे दोन आक्षेप आहेत. आमचा लेख वाचून घरच्यांनी तुमच्या सहा वर्षांच्या मुलीचं मोमेटासोन हे स्टिरॉइडचं मलम बंद केलं आणि कोपराच्या घडीतलं इसब पुन्हा चिघळलं. शिवाय तुमच्या कमरेवरचं गजकर्ण त्याच ट्यूबने दोन दिवसांत बसलं, मग आम्ही स्टिरॉइडला नावं का ठेवतो? पहिल्या बाबतीत चूक आमची. ‘स्टिरॉइड मलम लावू नका’ हे वाक्य सरसकट होतं, ते आज दुरुस्त केलंय. दुसऱ्या बाबतीत मात्र आम्ही ठाम आहोत.

इसबात त्वचेची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा नको तितकी भडकलेली असते. स्टिरॉइड तिला शांत करतं, म्हणून तिथे ते योग्य औषध. मुलीच्या डॉक्टरांशी बोलून ते पुन्हा सुरू करा. मोमेटासोन दिवसातून एकदाच लावायचं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला तेवढं पुरतं. मुलीच्या कोपरांना त्याहून कमीच लागेल. पण भीतीपोटी मोहरीएवढं लावलं तर इसब बसत नाही आणि तेच मलम महिनोन्‌महिने चालू राहतं. लाली आणि खाज गेली की थांबायचं. सहसा एक-दोन आठवडे लागतात. साधं मॉइश्चरायझर मात्र रोज, इसब नसतानाही. चेहरा, पापण्या, जांघ इथे स्वतःच्या मनाने हे मलम नको. तिथली कातडी पातळ असते, औषध जास्त शोषलं जातं.

गजकर्णाचं तसं नाही. ती जिवंत बुरशी आहे आणि लाली, खाज म्हणजे शरीराची तिच्याशी चाललेली झटापट. स्टिरॉइड ही झटापटच थांबवतं. दोन दिवसांत आराम पडतो तो यामुळे, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मग कडेची उठावदार, कोंडा सुटणारी रेघ पुसट होते, चट्टा पसरतो, कधी एका कड्याच्या आत दुसरं कडं उमटतं. ट्यूब थांबवली की खाज उसळते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. जांघेत हे महिनोन्‌महिने चाललं की ताणाचे व्रण पडतात आणि ते कायमचे राहतात.

दुकानात ‘खाजेचं मलम’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल असतं, म्हणजे सर्वांत तीव्र स्टिरॉइडांपैकी एक. ट्यूबच्या मागचे घटक वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर गजकर्णाला ती लावू नका.

तुम्ही मोमेटासोन थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कोणती ट्यूब किती दिवस लावली ते लपवू नका. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे तंतू दिसतात. नंतर दिलेलं बुरशीचं मलम कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेली मुदत पुरी करायची. लोक नेमके इथेच सोडतात.

हे सगळं मलमांबद्दल. स्टिरॉइडच्या गोळ्या तीन आठवड्यांहून जास्त चालू असतील तर आमचा काय, कुणाचाही लेख वाचून त्या एकदम बंद करू नका. शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, तोवर मंदावलेलं असतं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. दम्याचा स्टिरॉइडचा पंपही असा परस्पर सोडू नका.

आणि गजकर्ण पूर्ण बरं होईपर्यंत तुमचा टॉवेल आणि मुलीचा टॉवेल वेगळा ठेवा.