पाला जाळून शेती शिकवता?

आज सकाळी कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. प्रवाळाचं एक बेट. मागे निळंशार पाणी, पुढे एकसारखे टी-शर्ट घातलेली दहा-बारा पोरं, हातात 'शाश्वत शेती प्रशिक्षण' असा फलक. पहिल्या दोन मिनिटांत काय केलं, तर नारळाखालचा आणि नीरफणसाखालचा सगळा पाला ओढून ढीग घातला, काडी लावली आणि जमीन टकलासारखी चकचकीत केली. मग त्या पांढऱ्या वाळूत कोबी आणि लेट्यूसचं बी पेरलं. टाळ्या. फोटो. वर कॅप्शन, 'बेट हिरवं होतंय'.

हिरवं? जे हिरवं होणार होतं तेच तर जाळलं!

प्रवाळी बेटावर, आपण ज्याला माती म्हणतो, ती जवळपास नसतेच. पायाखाली असतो पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा चुरा, म्हणजे चुनाच. सामू (पीएच) ८ च्या वर. चिकणमातीचा कण नाही, त्यामुळे पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायचं सगळं काम एकट्या सेंद्रिय कर्बावर. आणि तो असतो कुठे? वरच्या वीतभर काळपट थरात. तो थर झाडांखाली पडून कुजणाऱ्या पाल्यातून वर्षानुवर्षं बनतो. पाला पेटवला की त्यातलं नत्र आणि गंधक धुरावाटे हवेत जातं. मागे राहते राख, आणि ती अल्कधर्मी. म्हणजे आधीच चुनखडी असलेल्या जमिनीत आणखी चुना कालवल्यासारखं.

ज्वालामुखीच्या बेटांवर जमीन बऱ्याचदा आम्ल असते, तिथे थोडी राख उपयोगी पडते, हे मान्य. पण व्हिडिओत वाळू पांढरीफटक दिसतेय हो!

पुढचं सांगते, कारण या गटाचा पुढचा व्हिडिओ काय असेल ते आत्ताच दिसतंय. तीन-चार आठवड्यांत रोपं पिवळी पडणार आणि कुणीतरी म्हणणार, 'नत्र कमी पडलं, युरिया टाका.' थांबा. आधी पान बघा. जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी फिकट होत असतील तर नत्र कमी. पण कोवळं, शेंड्याचं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील, तर ती लोहाची कमतरता, आणि प्रवाळी वाळूत बहुतेक वेळा हीच दिसते. लोह जमिनीत असलं तरी चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. म्हणून हिराकस (लोहाचं सल्फेट) नुसतं वाळूत टाकून उपयोग नाही, तेही थोड्या दिवसांत अडकून बसतं. पानांवर फवारायचं तर १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. नव्या पानांसाठी पुन्हा फवारावं लागतं. दुकानातलं चिलेटेड (म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं) लोह घेत असाल तर डब्यावर 'ईडीडीएचए' लिहिलंय का बघा. 'ईडीटीए' स्वस्त असतं, पण इतक्या सामूला ते टिकत नाही. पॅसिफिकमधल्या प्रवाळी बेटांवरचे लोक तर झाड लावायच्या खड्ड्यात पाल्याबरोबर गंजलेले डबे टाकत आलेत. कुजणाऱ्या पाल्यातली आम्लं त्या गंजातलं लोह थोडं थोडं सोडवतात. नुसता डबा वाळूत पुरला तर काही होत नाही. पाला लागतोच. पुन्हा पाला!

तोच पाला, जो त्या ढिगात धडधडत होता.

त्याचं काय करायला हवं होतं ते लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. लांबी-रुंदी-उंची मीटरभर असा ढीग घाला. त्यापेक्षा लहान ढीग तापत नाही. तीन भाग कोरडा पाला आणि एक भाग ओला हिरवा माल. झावळ्या बोटभर लांबीच्या तुकड्यांत कापायच्या, अख्ख्या टाकल्या तर वर्ष झालं तरी तशाच मिळतात. नारळाची सोडणं ढिगात नकोत, ती फार सावकाश कुजतात. त्यांची जागा खड्ड्याच्या तळाशी, पाणी धरायला. माशांची आतडी-डोकी हे अशा बेटावरचं सोनं आहे, पण ढिगाच्या पोटात हातभर आत पुरायची, वरवर ठेवली की माशा, उंदीर आणि कुत्री. समुद्रशेवाळ पावसात चांगलं धुऊन घ्यायचं. ओलावा किती, तर मूठभर माल घट्ट पिळल्यावर एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर ढीग सडून वास मारणार, थेंबही आला नाही तर तो नुसताच पडून राहणार. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जायला हवं. हात आत घालून तिथे ठेवता येत नसेल तर ठीक चाललंय. थंड झाला की उलटायचा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. आणि वर झाकण हवंच, नाहीतर उष्णकटिबंधातला पाऊस सगळं सत्त्व वाळूतून खाली धुऊन नेतो.

खाली म्हणजे कुठे? पिण्याच्या पाण्यात.

इथे थोडी थांबते, कारण व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला तेव्हा एक मुलगी दिसली. विहिरीवरून बादली आणते, वाफ्यात ओतते, पाणी डोळ्यांदेखत गडप. पुन्हा जाते, पुन्हा आणते. चार फेऱ्या मोजल्या. चेहरा लालबुंद, पण थांबत नाही. तिच्यावर कसली रागावू? कुणीही तिला सांगितलेलं नाही की तिच्या पायाखाली गोड्या पाण्याचं एक पातळ भिंग खाऱ्या पाण्यावर तरंगतंय. हिशोब ढोबळ आहे, पण लक्षात ठेवावा असा. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटर. म्हणजे उपसा करून वरची पातळी थोडीशी जरी उतरवली, तरी खालून खारं पाणी कितीतरी पटीने वर सरकतं. म्हणून अशा बेटावर खोल बोअर मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे. उथळ विहिरी, त्याही विखुरलेल्या, आणि उपसा थोडा थोडा. वाफ्यात टाकलेला युरिया आणि शोषखड्ड्यातली घाण याच भिंगात उतरते. ज्वालामुखीच्या बेटावर शोभणारा मीटरभर खोल केळीचा खड्डा इथे चालत नाही, पाणी तेवढ्यातच लागतं. पॅसिफिकमधल्या किरिबाती देशातले लोक मात्र मुद्दाम पाणी लागेपर्यंत खणतात, त्यात बाबाई नावाचं प्रचंड पानांचं दलदली अळू लावतात आणि रोपाभोवती विणलेल्या बिनबुडाच्या टोपलीत पाला भरत राहतात. वादळात समुद्राचं पाणी एकदा आत शिरलं की तो खड्डा मात्र बराच काळ कामातून जातो.

त्या मुलीच्या बादल्या वाचवायच्या तर वाळूवर हातभर जाड पाला हवा होता. तोच, जळलेला. शाळेतल्या पोरांना दाखवायचं असेल तर दोन डब्यांना खाली भोकं पाडा, एकात नुसती वाळू, दुसऱ्यात वाळू आणि निम्मं कुजलेलं खत, दोन्हीत एक-एक पेला पाणी. खाली गळलेलं पाणी मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, फलक लागत नाही, टी-शर्ट लागत नाही.

आता कोबी. समुद्रसपाटीच्या उष्ण बेटावर कोबीचा गड्डा सहसा धरत नाही, लेट्यूस गरमीत फुलावर येऊन कडू होतं. (बियांची पाकिटं कुठून तरी फुकट मिळाली असणार, दुसरं कारण सुचत नाही.) शाळेच्या बागा बऱ्याचदा एकाच कारणाने मरतात. सुट्टी लागते आणि पाणी घालणारं कुणी उरत नाही. म्हणून बारमाही भाज्या लावायच्या. शेवग्याची मनगटाएवढी जाड, मीटरभर लांब फांदी, तिसरा हिस्सा जमिनीत. भेंडीच्या कुळातली एक पालेभाजी आहे, फिजीत तिला बेले म्हणतात. वीतभर छाट खोचला की दोन-तीन महिन्यांत पाला खुडता येतो. रताळ्याचे वेल, त्यांची पानंही खातात. बिनबियांच्या नीरफणसाला तर बी नसतंच. मुळावर आलेला फुटवा काढायचा, किंवा दोन बोटं जाड मुळाचा वीतभर तुकडा सावलीत रुजवायचा.

आणि मग व्हिडिओचा शेवट. तो बघून राग पुन्हा चढला. प्रशिक्षण संपलं, जेवणं. कागदी ताटलीत बोटीने आलेला पांढरा भात आणि डब्यातलं मांस. बसलेत कुठे? फळांनी लगडलेल्या नीरफणसाखाली!

पॅसिफिकमधल्या पोहनपेई बेटावर कारात नावाचं केळं आहे. घड खाली लोंबत नाही, आभाळाकडे उभा राहतो. आतला गर नारिंगी, पांढऱ्या केळ्यापेक्षा कितीतरी पट बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात जीवनसत्त्व अ बनतं. पूर्वी बाळांना हेच भरवायचे. मग आयात तांदूळ आणि मैदा आला, केळं मागे पडलं, आणि त्याच बेटावर मुलांमध्ये जीवनसत्त्व अ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर सापडली. लोइस एंगलबर्गर या पोषणतज्ज्ञ बाईंनी तिथे काय केलं, तर जुन्या जाती एकेक करून तपासल्या आणि गावागावांत सांगितलं की गर जितका पिवळा तितका चांगला. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, केळं मोडून बघायचं. (ही केळी खाल्ली की लघवी गडद पिवळी होते. हे आधी सांगायचं, नाहीतर माणसं घाबरतात आणि केळं सोडून देतात.)

शिकवायचं ते चुलीपर्यंत शिकवावं लागतं. शेवग्याचा पाला उन्हात वाळवला की कॅरोटीन जातं, म्हणून सावलीत. पालेभाजीत नारळाचं घट्ट दूध घालायचं, कारण कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवा. अळूचा पाला चांगला शिजवून पाणी टाकून द्यायचं, अर्धवट राहिला तर घसा खवखवतो, आणि एकदा खवखवलं की ते पोर जन्मभर अळू खात नाही. कसाव्याचा पाला कुटून, भरपूर उकळून, तेही पाणी फेकून, कारण त्यात सायनाइड तयार होतं. उतरवलेला नीरफणस दोन-तीन दिवसांत मऊ पडतो आणि हंगामात एकदम शेकड्यांनी येतो. मार्शल बेटांवर तो सोलून समुद्राच्या पाण्यात भिजवतात, मग पानांनी मढवलेल्या खड्ड्यात आंबवून महिनोन् महिने टिकवतात. ब्विरो म्हणतात त्याला. वास उग्र असतो, पण बोट आली नाही तर पोट भरतं.

आता काहीजण 'सेंद्रिय शेती फसते' म्हणत श्रीलंकेचं उदाहरण घेऊन येतील. बरोबर आहे. २०२१ मध्ये तिथे रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली आणि भाताचं उत्पादन घसरलं. जमिनीत कर्ब तयार व्हायला वर्षं लागतात, हुकूम काढायला एक सही लागते. क्यूबाने १९९० नंतरच्या टंचाईत शहरांमध्ये कंपोस्टचे उंच वाफे उभे केले, भाजी पिकवली, ते खरं. बरंचसं धान्य आजही बाहेरूनच येतं, हेही खरं. बेट सगळं स्वतः पिकवेल असं मी म्हणतच नाहीये. भात येऊ द्या बोटीने. पण त्याच्याबरोबर ताटात पडणारा पाला, फळ आणि कंद तरी पायाखालचे असू देत ना.

मघाशी 'टकलासारखी' वगैरे लिहिलं, ते राहू दे. पण पोरांना नका बोलू कमेंटमध्ये. त्यांना कुणी शिकवलंच नाही.

त्या गटात कुणाची ओळख असेल तर एवढं कळवा. आता जी राख उरलीय ती वाफ्यात पसरू नका, कितीही मोह झाला तरी. त्यातले अर्धवट जळलेले काळे कोळसे वेचून धुवा, बारीक करा, मासे धुतलेल्या पाण्यात पंधरवडाभर भिजवा आणि नव्या ढिगात थोडेसे मिसळा. उरलेली राख कोरडी ठेवा आणि कोरड्या संडासात प्रत्येक वेळी मूठभर टाका. वास मरतो, माशा येत नाहीत. आणि उद्या सकाळी नीरफणसाखाली पुन्हा पाला पडलेला असेल, तो झाडू नका.