अंकोरवाट ख्मेर लोकांचं आहे

कंबोडियाहून आल्यापासून जो तो विचारतोय, "आपल्या लोकांनी बांधलेलं ते अंकोरवाटचं विष्णूचं मंदिर पाहिलंस ना?" पाहिलं. डोळ्यांचं पारणं फिटलं. पण ते आपल्या लोकांनी बांधलेलं नाही, आणि हे मला जरा सविस्तर सांगायचंय.

बाराव्या शतकात ते दुसऱ्या सूर्यवर्म्याने उभारलं. तो ख्मेर राजा होता, म्हणजे कंबोडियाच्याच लोकांपैकी. दगड कुलेनच्या डोंगरातून पाण्यावाटे आणला, तोही ख्मेर मजुरांनी. रामायण, महाभारत, संस्कृत हे सगळं भारतातून तिकडे गेलं, यात वाद नाही. पण समुद्रमंथनाचा जवळपास ४९ मीटर लांबीचा शिल्पपट ज्यांनी सलग कोरला, ते हात तिथलेच. तिथल्या जुन्या शिलालेखांत देवाची आणि राजाची स्तुती संस्कृतात असते, तर जमीन, तांदूळ, देवळाचे सेवक यांचा हिशोब बहुतेक ख्मेरमध्ये. म्हणजे रोजचा व्यवहार त्यांच्याच भाषेत चालायचा.

पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची विष्णूची मूर्ती आहे. तिथले लोक तिला 'ता रीच' म्हणतात, भगवं वस्त्र नेसवतात, आजही मनोभावे पुजतात. मी गेले तेव्हा एक आजी कमळाच्या कळ्या आणि उदबत्त्या घेऊन बसल्या होत्या, डोळे मिटलेले. तेवढ्यात आपल्याकडचा एक ग्रुप आला आणि फोटोत मध्ये येतात म्हणून आजींना हाताने 'सरका' अशी खूण केली. आजी मुकाट्याने उठल्या. मला इतका संताप आला! ज्यांनी तो देव इतकी शतकं सांभाळला, त्यांनाच बाजूला करायचं?

मला सगळ्यात जास्त भावलं ते बायॉन, अंकोरच्याच परिसरातलं दुसरं देऊळ. तिथल्या दगडी चेहऱ्यांचे फोटो सगळेच काढतात, पण बाहेरची भिंत नीट बघा. सातव्या जयवर्म्याच्या काळातला बाजार आहे तिथे. तराजूने तोलणारी माणसं, कोंबड्यांची झुंज, मासे, शिजणारं अन्न, बाळंत होणारी बाई. राजाच्या देवळाच्या भिंतीवर साध्या माणसांना एवढी जागा! मी तिथून हलायलाच तयार नव्हते.

आमचे गाईडकाका साठीचे असतील. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटचे कम्युनिस्ट, सत्तेवर आले, तेव्हा ते लहान होते. आईबापांपासून तोडून त्यांना मुलांच्या तुकडीत शेतावर पाठवलं. "भात आम्हीच पिकवायचो, आणि वाटीत नुसतं पेजेचं पाणी. तळाशी शितं मोजून घ्यायची," ते म्हणाले आणि लगेच पुढच्या शिल्पाकडे वळले. जानेवारी १९७९ पर्यंत देशातली साधारण पंधरा ते वीस लाख माणसं मेली. लोकसंख्या होती ऐंशी लाखांच्या आसपास.

राजधानी नॉम पेन्हमधलं तुओल स्लेंग आधी शाळा होती. तिचा तुरुंग केला. वर्गांत विटांच्या कोठड्या, खाली तीच शाळेची फरशी, आणि भिंतीभर कैद्यांचे फोटो. त्यात माझ्याहून लहान मुलं आहेत. मला तिथे फार वेळ थांबवेना, तरी बाहेर पडावंसंही वाटेना. संध्याकाळी बुफेसोबत जो अप्सरा नाच दाखवतात ना, तो येणारे बहुतेक कलाकारही त्या चार वर्षांत संपले. जे थोडे वाचले त्यांनी पुढच्या पोरींना एकेक मुद्रा शिकवली, म्हणून तो आज आपल्याला दिसतो.

भारतीय म्हणून छाती फुगवायचीच असेल, तर त्यालाही जागा आहे. १९८६ ते १९९३, कंबोडियात लढाई चालू असताना, आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं अंकोरवाटच्या डागडुजीचं काम करत होती. त्यांच्या साफसफाईच्या पद्धतीवर टीका झाली, तीही वाचावी. पण त्या दिवसांत तिथे जाऊन काम करणं सोपं नव्हतं. पुढे अंकोरमधल्याच ता प्रोम या देवळातही भारताने काम केलं. याचा अभिमान मला मनापासून वाटतो.

मी पाहिलेल्या टूरच्या कार्यक्रमांत नुसतं अंकोरजवळचं सियाम रीप शहर असतं, नॉम पेन्ह नसतंच. जाणार असाल तर तिथला एक दिवस भांडून मागून घ्या. अंकोरला स्थानिक गाईड घ्या, आणि त्याला देवांच्या गोष्टींसोबत त्याच्या गावाबद्दलही विचारा. बायॉनला ऊन चढायच्या आत पोचा आणि सुरुवात दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंतीपासून करा. बाजार तिथेच आहे.