सर्वांत लहान आकडा म्हणजे सर्वांत कार्यक्षम शहर नव्हे

शहराच्या एकूण ऊर्जावापराला लोकसंख्येने भागावे आणि ज्याचा आकडा सर्वांत लहान, ते शहर सर्वांत कार्यक्षम मानावे, असा दावा क्रमवाऱ्यांसोबत नेहमी फिरत असतो. मीटर खोटे बोलत नाही आणि दाट वस्तीची शहरे आपोआप काटकसरी असतात, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते.

पहिली अडचण भाजकाची आहे. ‘सिटी ऑफ लंडन’ या मध्यवर्ती भागात 10 हजारांहून कमी लोक राहतात आणि 5 लाखांहून अधिक लोक कामाला येतात. त्या साऱ्यांच्या कार्यालयांतील दिवे, लिफ्ट आणि वातानुकूलन मूठभर रहिवाशांच्या नावावर मांडले, तर हा भाग उधळ्या ठरतो आणि ही माणसे जेथून येतात ती उपनगरे फुकटात काटकसरी ठरतात. कारखाना हद्दीबाहेर हलवला, तर एक युनिटही न वाचता क्रमांक सुधारतो. शिवाय ज्या घरांना थंडीत उब परवडतच नाही, त्यांचा कमी वापर ही कार्यक्षमता नसून अभाव आहे.

मीटरविषयीचा युक्तिवाद अधिक फसवा आहे, कारण मीटर खरे बोलते, पण अर्धेच बोलते. एखाद्या इमारतीला वर्षाला 9,000 युनिट उष्णता लागते असे समजा. 90 टक्के कार्यक्षमतेचा गॅस बॉयलर त्यासाठी 10,000 युनिटांइतका गॅस जाळतो. त्याजागी बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढून एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देणारा हीट पंप बसवला, तर मीटरवर 3,000 युनिट दिसतात, म्हणजे 70 टक्के बचत. मात्र ती वीज 40 टक्के कार्यक्षमतेच्या औष्णिक केंद्रातून येत असेल, तर तेथे 7,500 युनिटांइतके इंधन जळते, वहनातील गळती वेगळीच. खरी बचत जेमतेम 25 टक्के. तीही चांगलीच आहे. पण एका शहराचा आकडा मीटरपाशी आणि दुसऱ्याचा इंधनापाशी मोजून केलेली तुलना निरर्थक आहे.

दाट वस्तीच्या दाव्यामागे बहुधा न्यूमन आणि केनवर्दी या संशोधकांचा 1989 चा 32 शहरांचा अभ्यास असतो. घनता वाढते तसा दरडोई पेट्रोलवापर घटतो, असे त्यात दिसले. उत्पन्न आणि इंधनदर यांचा प्रभाव पुरेसा वेगळा काढला नाही, ही त्यावरील टीका मला रास्त वाटते. ती बाजूला ठेवली, तरी तो आलेख पेट्रोलचा आहे. उंच इमारतींच्या लिफ्ट आणि पाणी वर चढवणारे पंप किती वीज खातात, याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.