फ्रीडमनला झोडा, पण निदान खऱ्या गोष्टीवरून

अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनबद्दल एक मेसेज फिरतोय, की हा चिलीचा लष्करी हुकूमशहा पिनोशे याचा पगारी सल्लागार होता, गरिबांना सरकारने दमडीही देऊ नये म्हणायचा आणि कंपन्यांनी नफ्यासाठी वाट्टेल ते करावं असं त्याचं मत होतं. मी काही त्याचा भक्त नाही, पण हे तिन्ही चूक आहे.

आधी चिली. तिथे लष्करी उठाव झाला सप्टेंबर १९७३ मध्ये. फ्रीडमन गेला मार्च १९७५ मध्ये, जेमतेम आठवडाभर, लेक्चर्स दिली, पिनोशेला पाऊणएक तास भेटला आणि परत आल्यावर महागाई कशी आवरायची याचं एक पत्र पाठवलं. पद नाही, पगार नाही. धोरणं राबवली ती 'शिकागो बॉइज'नी, म्हणजे फ्रीडमन जिथे शिकवायचा त्या शिकागो विद्यापीठात शिकून गेलेल्या चिलीच्याच लोकांनी, आणि त्यांच्यावर त्याची छाप होती हे खरंच. हुकूमशहाला सल्ला द्यावाच का, हे जरूर विचारा. पण मग १९८८ मध्ये तो चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख झाओ झियांगलाही भेटला होता, त्याचं काय?

गरिबांचा मुद्दा तर पार उलटा आहे. १९६२ च्या 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम' या पुस्तकात त्याने निगेटिव्ह इन्कम टॅक्स मांडला: उत्पन्न ठराविक मर्यादेच्या खाली गेलं की जेवढं कमी पडतंय त्याचा काही हिस्सा, समजा निम्मा, सरकारने थेट रोख द्यायचा. निम्माच का, तर माणसाने जास्त कमावलं की मदत सगळी बंद होऊ नये, नाहीतर कामावर जाईल कोण! दहा योजना, दहा खाती याला त्याचा विरोध होता, मदतीला नाही.

नफा कमावणं हीच कंपनीची जबाबदारी, असं सांगणारा त्याचा १९७० चा लेख लोक अर्धाच वाचतात. कायदा आणि समाजाची नीती पाळून, फसवणूक न करता, ही अट त्यातच आहे.

झोडायचंच तर पैशाच्या पुरवठ्यावरून, म्हणजे अर्थव्यवस्थेत एकूण किती पैसा असावा यावरून झोडा ना. दरवर्षी तो ठराविक टक्क्यांनीच वाढवा, बाकी काही करू नका, हा त्याचा लाडका नियम. अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, ऑक्टोबर १९७९ पासून पुरवठ्याचं टार्गेट धरून बघितलं, महागाई उतरली खरी, पण व्याजदर भयंकर चढले, मंदी आली, पैसा हातोहात फिरायचा वेगच बेभरवशाचा झाला आणि १९८२ मध्ये फेडने तो नाद सोडला. यावर त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही.